हळू इंजिनांची शर्यत

रविवारी सकाळी विजयश्रीनं कपाटातला नवा टॉवेल काढला, त्यात आपलं इंजिन गुंडाळलं आणि ते पोळ्यांच्या मोठ्या डब्यात ठेवून झाकण लावलं. डबा उचलायला तिला दोन्ही हात लागले.

"एवढं काय भरलंयस गं डब्यात?" पेपर वाचत बसलेल्या उद्धवरावांनी विचारलं. "परदर्शनाला चाललीस का डोहाळजेवणाला?"

"इंजिन आहे मामा. तिथं कुणी जाणकार भेटला तर विचारीन म्हणते."

उद्धवराव तिचे सासरे. परभणीच्या आगारात एसटीचे कंडक्टर म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे, पिंपळे गुरवला राहायला आले, आणि इथं बोलायला माणूस मिळत नाही ही त्यांची एकच तक्रार होती. सोसायटीत लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर ते त्याला चौथ्या मजल्यापर्यंत सोडायला जात. आज ज्ञानेशला, म्हणजे विजयश्रीच्या नवऱ्याला, रविवार असून शिफ्ट लागली होती. घरात एकटं बसण्यापेक्षा सुनेबरोबर गर्दीत फिरून यावं म्हणून ते निघाले होते. इंजिनात त्यांना काडीचा रस नव्हता.

विजयश्री निघोज्याच्या एका कंपनीत गाड्यांचे गिअर तपासायची. दुसऱ्यांनी बनवलेले भाग दिवसभर मोजायचे आणि बरोबर की चूक ते सांगायचं. मोजून मोजून तिला वाटायला लागलं, आपणही काहीतरी बनवावं. मग तिनं धातू कातायचा एक छोटा, जुना लेथ मिळवला. तो बाल्कनीत बसवण्यासाठी वॉशिंग मशीनची रवानगी बाथरूममध्ये झाली. तेव्हापासून घरात सगळ्यांच्या मोज्यांतून पितळेचा कीस निघायचा. त्या लेथवर, सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत, तिनं वाफेचं एक आडवं इंजिन बनवलं होतं. आकारानं वहीएवढं. पितळेचा सिलिंडर, त्यात मागंपुढं सरकणारा पिस्टन, आणि एका अंगाला जड चाक. चाकासाठी बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कुठून आणायचं या विचारात असताना तिला पलंगाखाली गेलेले ज्ञानेशचे डंबेल आठवले, आणि त्यातली एक चकती लेथवर चढली.

पण हे इंजिन मनाजोगतं कधी चाललंच नव्हतं. वाफेऐवजी हवा दिली तरी ते चालायला हवं. ज्ञानेश सायकलचा पंप मारायचा, चाक पाच-सहा गिरक्या घ्यायचं, मग ज्ञानेश दमायचा आणि चाक थांबायचं. चूक पंपाची, ज्ञानेशची की इंजिनाची, हे कळायला मार्ग नव्हता.

स्कूटरवर मागं बसून उद्धवरावांनी डबा मांडीवर धरला आणि दोघं चिंचवडला पोचली.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. कमानीवर 'शुभविवाह' ही अक्षरं तशीच होती, त्याखाली 'छंदी यंत्रकारांचा मेळावा' असं फडकं बांधलेलं. पार्किंगमध्ये वर्तुळात रूळ टाकले होते आणि त्यावर गुडघ्याएवढं, काळं कुळकुळीत वाफेचं इंजिन खरा कोळसा खात धावत होतं. मागच्या फळ्यांवर माणसं पाय पसरून बसली होती. चालवणारे आजोबा वळणावर शिट्टी देत, आणि शिट्टी एवढी कडक की रस्त्यावरचा रिक्षावालाही वळून बघे. कोळशाचा धूर आणि तापलेल्या तेलाचा वास नाकात गेला आणि विजयश्रीच्या पायांना घाई सुटली.

आत तर कुठं बघावं तेच तिला कळेना. नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या जागी, स्टेजवर, हातात मावेल एवढा लेथ होता आणि तो खरोखर खिळ्याएवढी कांब कातत होता. कोल्हापूरच्या एका बाईंनी रसवंती केली होती, चरकाला घुंगरूसुद्धा लावलेले, आणि त्या गवताची काडी घालून थेंबभर हिरवा रस काढून दाखवत होत्या. कुणी पितळेचं घड्याळ उघडं ठेवलं होतं. कुणी नखाएवढ्या पिस्टनचं पेट्रोल इंजिन सुरू करत होता आणि ते शिंकल्यासारखं फुरफुरून बंद पडत होतं. विजयश्री प्रत्येक टेबलाशी वाकायची, हे कशाचं केलं, हे भोक कसं पाडलं, असं विचारायची, आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत तिची नजर पुढच्या टेबलावर गेलेली असायची. कंपनीत तिच्या या वेडाबद्दल बोलायला कुणी नव्हतं. इथं हॉल भरून तशीच माणसं होती. तिला हसू आवरत नव्हतं.

"विजू, जरा दमानं," उद्धवराव डबा सांभाळत मागून म्हणाले. "ह्यो डबा हाय का दगूड?"

खिडकीजवळच्या टेबलाशी मात्र ती थांबली. तिथं एक उभं इंजिन संथ, मोठ्या रुबाबात फिरत होतं. हिरवा रंग, पितळेच्या कडा, आणि आवाज जवळजवळ नाहीच. मागं बसलेला माणूस मेंदी लावलेल्या दाढीतून हसला.

"बसा ताई. लांबून काय बघताय! मी कादर. इथं चिंचवडलाच स्पेअर पार्टचं दुकान आहे माझं. हे माझं तिसरं. पहिली दोन भंगारात दिली, खोटं कशाला बोलू?"

विजयश्रीनं उद्धवरावांच्या हातातून डबा घेतला आणि टेबलावर ठेवून उघडला. टॉवेल बाजूला करताना तिला आपलं इंजिन एकदम ओबडधोबड वाटायला लागलं. त्याला रंगही नव्हता. पण कादरभाई खुर्चीतून उठलेच.

"अरे वा! हे चाक कशाचं?"

"डंबेलचं."

"डंबेलचं!" त्यांनी बाजूच्या टेबलवाल्याला हाक मारली. "अहो ऐकलंत का, ताईंनी डंबेल कातलंय!" मग चाकावर बोट ठेवून त्यांनी ते हळूच फिरवलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "कुणी सांगितलं हो एवढं आवळायला?"

पिस्टनची दांडी सिलिंडरमधून जिथं बाहेर येते तिथून हवा गळू नये म्हणून विजयश्रीनं दोरा भरून वर नट घट्ट केला होता. ते तिनं सांगितलं. "जरासुद्धा गळती नाही," ती म्हणाली.

"गळती नाही, पण गळा आवळलाय त्याचा. थोडी हवा जाते ताई, जाऊ द्यायची. तुम्ही कंपनीत तपासणीला आहात का?"

"कसं ओळखलंत?"

"माझी मुलगी कशफपण तपासणीला आहे. घरात डब्यांची झाकणं उघडत नाहीत आम्हाला."

विजयश्री खळखळून हसली. कादरभाईंनी पाना पुढं केला. त्यांनी स्वतः नटाला हात लावला नाही. इंजिन तिचं होतं. तिनं नट थोडा सैल केला, दांडीवर तेलाचा थेंब सोडला. मग कादरभाईंनी आपल्या कॉम्प्रेसरची बारीक नळी तिच्या सिलिंडरला जोडून दिली. तिनं चाकाला बोटानं ढकललं.

चाक फिरलं. फिरतच राहिलं. पंप मारणारं कुणी नव्हतं, दमणारं कुणी नव्हतं. पिस्टन आत-बाहेर, आत-बाहेर, आणि ती डंबेलची चकती झरझर फिरताना एकसंध चंदेरी दिसायला लागली. विजयश्रीनं तोंडावर हात घेतला.

"चालायलंय की गं!" उद्धवराव इतक्या जोरात ओरडले की स्टेजवरचा लेथवाला दचकून मागं बघायला लागला.

एवढ्यात मधल्या टेबलाशी पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ गळ्यात शिट्टी अडकवून उभे राहिले. मेळावा भरवणारे ते मारुतराव. त्यांनी माइकवर फुंकर मारली. हळू इंजिनांची शर्यत आता सुरू होतेय, ज्यांना भाग घ्यायचाय त्यांनी मधल्या टेबलाशी यावं.

"चला ताई," कादरभाईंनी आपलं हिरवं इंजिन उचलत सांगितलं.

"मी? मी तर नुसती बघायला आलेय. नाव पण दिलं नाही."

"नाव काय, आत्ता देऊ. चाक जड आहे तुमचं. हळू चालायला जड चाकच लागतं."

विजयश्रीनं सासऱ्यांकडं बघितलं. उद्धवरावांनी तिचं इंजिन नळीसकट उचललं होतं आणि ते गर्दीतून वाट काढत निघालेही होते. "सरका, सरका! पुढं सरका, पुढं जागा हाय!"

मधल्या टेबलावर इंजिनं ओळीनं मांडली गेली. एकाच कॉम्प्रेसरची हवा सगळ्यांना. प्रत्येकाच्या नळीवर हवा कमी-जास्त करायला आपापला छोटा कॉक. मारुतरावांनी नियम सांगितले. शाळेत हळू सायकलची शर्यत असते, तीच ही. शिट्टी वाजली की प्रत्येकानं आपलं इंजिन आणखी हळू करायचं. चाक थांबलं की बाद. शेवटी दोन उरली की चाकांवरच्या खडूच्या खुणा वर आणून सोडायचं, एकच फेरा, आणि ज्याची खूण उशिरा वर पोचेल तो जिंकला. थांबला तर मात्र—

इथं माइक खरखरला आणि मेला. मारुतरावांनी तो हलवला, आपटला, वायर ओढली. मागची माणसं ओरडायला लागली, काही ऐकू येत नाही, काही दिसत नाही. मारुतरावांचा आवाज मुळात बसका. त्यांनी केविलवाण्या नजरेनं इकडं-तिकडं बघितलं.

"काय सांगायचंय ते मला सांगा," उद्धवराव म्हणाले. "मी सांगतो."

आणि त्यांनी खुर्ची ओढून घेतली, तिच्यावर चढले, एका हातानं लग्नमंडपाच्या खांबाला धरलं, बसमध्ये दांड्याला धरावं तसं. "ऐका हो मंडळी!" सगळा हॉल गप्प झाला. "चाक थांबलं की गडी उतरला! असा ह्यो नियम हाय!"

मारुतरावांनी शिट्टी फुंकली.

पहिली घाई भोसरीच्या बंटीनं केली. त्याचं लाल, चकचकीत इंजिन सगळ्यात देखणं होतं. त्यानं कॉक एकदम बारीक केला आणि चाक अर्ध्यात अडकलं. "लाल गाडी उतरली!" वरून आवाज आला. "देखणी व्हती, पर उतरली!" लोक हसले, बंटीही हसला. दुसऱ्या शिट्टीला आणखी एक गेलं. उद्धवरावांना भागांची नावं येत नव्हती. ते पिस्टनला 'दांडा' म्हणत आणि कॉकला 'चावी'. पण काय चाललंय ते त्यांना नेमकं दिसत होतं आणि ते बघून ते स्वतःच इतके पेटले होते की मागच्या भिंतीला टेकलेली माणसं टाचा उंचावून पुढं झुकली. "पिवळं इंजिन बघा, म्हातारं माणूस जिना चढल्यावानी चढायलंय... थांबायलंय, थांबायलंय... न्हाई! चढलं! काय दम हाय राव!" मागून टाळ्या पडल्या. पण पुढच्या शिट्टीला पिवळं इंजिनही जिन्यात बसलं.

विजयश्रीला हे सगळं लांबून ऐकू येत होतं. तिची दोन बोटं कॉकवर होती आणि डोळे चाकावर. पिस्टन टोकाला पोचतो तेव्हा क्षणभर चाकाला ढकलणारं कुणी नसतं. तेवढी जागा चाकानं आपल्याच वजनावर ओलांडायची असते. प्रत्येक शिट्टीला ती जागा जास्त लांब वाटायला लागली होती. चाक तिथं यायचं, रेंगाळायचं. मग ते पलीकडं कलंडायचं. दांडीच्या तोंडातून हवेचा बारीक सुस्कारा येत होता. कालपर्यंत हा आवाज तिला सहन झाला नसता. आत्ता मात्र तो येतोय तोवर सगळं ठीक आहे असं वाटत होतं.

पुन्हा शिट्टी. डावीकडचं थांबलं. पुन्हा. तिच्या शेजारी आता फक्त हिरवं इंजिन फिरत होतं.

"दोनच उरले!" उद्धवराव ओरडले. "एक आपले कादरभाई, दोन वर्सं जिंकायलेत म्हणे. आन दुसरी—" इथं त्यांचा आवाज जरा अडखळला. "दुसरी आमची विजू. सून हाय माझी!"

मारुतरावांनी खडूच्या खुणा वर आणल्या. खिशातून भिंग काढलं. कादरभाईंनी विजयश्रीकडं बघून मान हलवली. शिट्टी वाजली आणि दोन्ही चाकं सुटली.

सुटली म्हणजे काय, हलली. घड्याळाचा काटा हलतो तशी. खडूच्या रेघा उजवीकडं कलल्या आणि खाली उतरायला लागल्या. अख्खा हॉल वाकून बघत होता. उद्धवराव खुर्चीवरून उतरले. ते टेबलाच्या कडेला ओणवे झाले, आणि घरच्या कुणी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, अगदी कुजबुजत, बोलायला लागले. हॉल एवढा शांत होता की तेही मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

"खाली आलं... दोघांचंबी खाली आलं. आता विजूचं जरा पुढं हाय. आता चढ लागला... विजूचं थांबायलंय..."

चाक त्या अवघड जागी येऊन रेंगाळलं. थोडी हवा दिली तर ते उडी मारून पुढं जाईल आणि शर्यत हातची जाईल. नाही दिली तर कदाचित इथंच राहील. विजयश्रीनं कॉक तसाच ठेवला. चाक हललं की नाही तिला कळेना. मग डंबेलची चकती आपल्या वजनानं, केसभर, पलीकडं सरली.

"गेलं..." उद्धवरावांनी श्वास सोडला, आणि त्यांच्यासोबत अख्ख्या हॉलनं.

कादरभाईंचं इंजिनही मागोमाग तिथून निसटलं. आता दोन्ही रेघा वर चढत होत्या. विजयश्रीची पुढं, बोटभर. तिनं कॉक आणखी किंचित फिरवून पाहिला, पण चाकानं घेतलेला वेग आता सुटत नव्हता. रेघ वर आली, आणि बरोबर मधोमध पोचली.

म्हणजे ती आधी पोचली. म्हणजे हरली. मागून टाळ्या सुरू झाल्या, कुणीतरी "कादरभाई!" अशी आरोळी ठोकली. विजयश्रीनं कॉकवरचा हात काढला. वाईट वाटण्याऐवजी तिच्या छातीत नुसतं धडधडत होतं, गडाचे शेवटचे दगड चढल्यासारखं.

"थांबा हो!" उद्धवरावांनी हात वर केला. "थांबा. कादरभाईंचं पोचायचं हाय अजून."

टाळ्या विरल्या. हिरव्या चाकावरची रेघ अजून खालीच होती, करंगळीच्या अंतरावर. सगळे बघत राहिले. रेघ तिथंच होती. मारुतराव वाकले, भिंग चाकाला टेकेल इतकं जवळ नेलं.

"हलतंय बहुतेक," ते म्हणाले. "हलतंय, हलतंय. जरासं."

कादरभाईंची बोटं कॉकवर होती. त्यांनी कॉककडं बघितलं, चाकाकडं बघितलं, आणि हात उचलून मांडीवर ठेवला.

"नाही मारुतराव," ते म्हणाले. "थांबलंय. मघाशीच थांबलं. भिंगात दिसणार नाही, बोटाला कळतं."

"बघा हां, नक्की?"

"नक्की. बाद मी. ताई जिंकल्या."

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग सगळा हॉल एकदम दणाणून गेला. बंटीनं शिट्टी मारली, कोल्हापूरच्या बाईंनी रसवंतीचे घुंगरू खणखण वाजवले, आणि उद्धवराव, ज्यांचा आवाज इतका वेळ कुजबुजीत अडकला होता, ते पुन्हा खुर्चीवर चढून ओरडले, "जिंकली! जिंकली रे पोरगी!" त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि नुसतेच हात हलवत राहिले.

विजयश्रीला काय करावं कळेना. ती कादरभाईंकडं वळली. "तुम्ही बोलला नसतात तर चाललं असतं," ती म्हणाली. "त्यांना हलताना दिसलं होतं."

"त्यांना दिसलं होतं. मला नव्हतं ना दिसलं." कादरभाई हसत होते, पण जरा खट्टूही झाले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. "दोन वर्षं मी जिंकत होतो, आता कंटाळाच आला होता. म्हणजे, आला नव्हता. पण ठीक आहे." त्यांनी तिच्या चाकावरून हात फिरवला. "पुढच्या वर्षी मी तुमच्यापेक्षा जड चाक आणणार. सांगून ठेवतो."

"आणा," विजयश्री म्हणाली. "मी पण थांबणार नाही."

"थांबलात तर बाद," कादरभाई म्हणाले आणि दोघंही हसायला लागली.

मारुतरावांनी बक्षीस म्हणून तिला नारळ आणि मशीनच्या तेलाची बाटली दिली. मग ते उद्धवरावांना बाजूला घेऊन काहीतरी बोलत राहिले, आणि उद्धवराव गंभीर चेहऱ्यानं माना डोलावत राहिले.

"काय म्हणत होते?" विजयश्रीनं विचारलं.

"इचारत व्हते, बाकीच्या इंजिनांची माहितीबी सांगता का लोकांना. माइक काय आता चालत न्हाई म्हणे." त्यांनी आवाज खाली आणला. "पर मला काई कळत न्हाई गं त्यातलं. पयल्यांदा कुणीतरी समजून सांगाया पायजेल."

"मी सांगते ना मामा."

"तू तुझं बघ. तुला किती जण बोलवायलेत तिकडं." आणि खरंच, तिच्या इंजिनाभोवती माणसं जमली होती. कुणी चाकाबद्दल विचारत होतं, कुणी लेथ कुठला म्हणून, एका मुलीला डंबेलची गोष्ट पुन्हा ऐकायची होती. विजयश्री त्या घोळक्यात शिरली आणि सांगायला लागली. तिच्याजवळ सांगण्यासारखं इतकं होतं हे तिला स्वतःलाच नव्यानं कळत होतं.

उद्धवराव एकटेच पितळेच्या घड्याळाच्या टेबलाशी गेले. चष्मा पुसला, खुर्ची ओढली, आणि घड्याळवाल्यासमोर ऐसपैस बसले.

"हां, सांगा बरं," ते म्हणाले. "ह्ये बारकं दात्यांचं चाक कशासाठी हाय? अगदी सुरुवातीपासून सांगा. आमाला काई घाई न्हाई."